पुसलेली फरशी

आज सकाळी साडेदहाच्या सुमाराला ऑफिसात एका माणसानं मला पाणी आणायला सांगितलं. "बाई, जरा पाणी आणा," एवढंच. दारालगतच्या बाकावर बसला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पोटऱ्यांवर वाळून करडा झालेला चिखल, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्जाचा कागद. माझ्या हातात फडकं होतं, कारण कपाटातल्या फायलींवर बोटभर धूळ बसते आणि शिपायाची वाट बघत बसले तर माझी रिटायरमेंट येईल. साधी सुती साडी, हातात फडकं, पन्नाशी उलटलेली काळीसावळी बाई. त्याला मी शिपाईणच वाटले असणार. पलीकडच्या टेबलावरच्या सुजितनं कीबोर्डवरची बोटं उचलली आणि मान खाली घालून वाट बघत राहिला. आता कमळबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटणार, हे त्याला ठाऊक. मी अव्वल कारकून आहे, एकतीस वर्षं नोकरी झाली, आणि नोकरीच्या पहिल्याच वर्षी "ते चहाचे कप उचला" म्हणणाऱ्या साहेबाविरुद्ध मी लेखी तक्रार केली होती, ही गोष्ट अलिबागच्या निम्म्या ऑफिसांतून सांगितली जाते. पण मी फडकं कपाटावर ठेवलं, कोपऱ्यातल्या माठातून तांब्याभर पाणी घेतलं, पेला धुतला, भरला आणि त्या माणसाच्या हातात दिला. तो घटाघटा प्यायला. मी दुसरा पेला भरला. सुजितचं तोंड उघडंच राहिलं.

मला माझंच नवल वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. गेल्या माघापासून मला कुणी काही काम सांगितलं, की आधी राग येतच नाही. आधी ती फरशी डोळ्यांपुढे येते. पांढरी, काळ्या ठिपक्यांची, दवाखान्याची फरशी, आणि तिच्यावर वाकलेली एक पाठ. त्या शनिवारी मी साक्षीला आणायला मुंबईला गेले होते. साक्षी माझी एकुलती एक मुलगी. आठवा महिना लागलेला, बाळंतपणाला माहेरी यायचं. तिचे पप्पा जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हा आणणं, नेणं, डॉक्टर, डोहाळे, सगळं माझ्यावरच. गेटवेहून लाँचनं मांडव्याला आलो. समुद्र अगदी शांत होता, पोरगी खिडकीशी बसून चिक्की खात होती. मांडव्याला अलिबागच्या बसमध्ये बसलो. बस भरलेली, शनिवारची माणसं, पोरंटोरं, कुणाच्या तरी पिशवीत पिकलेले पेरू होते, त्याचा वास. तो वास आता मला कुठंही आला, बाजारात, कुणाच्या डब्यात, की मी तिथून उठून जाते. दहा मिनिटं झाली असतील. साक्षी म्हणाली, "आई, मला ओलं ओलं लागतंय." मी बघितलं. तिच्या पायांशी चप्पल दिसत नव्हती, एवढं रक्त होतं.

पुढचं मला एका ओळीत आठवत नाही, तुकड्यांनी आठवतं. मी ओरडले असेन. ड्रायव्हरनं ब्रेक लावला, माणसं उभी राहिली, आणि मागून एका बाईचा आवाज आला, मोठा, खणखणीत, शेतातून पलीकडच्या बांधावर हाक मारायची सवय असलेला: "गाडी थांबवू नको रं! सरळ दवाखान्यात घे!" मग ती बाई पुढे आली आणि बसच्या फरशीवर फतकल मारून बसली. साक्षीला आडवी केली, तिचे पाय स्वतःच्या खांद्याला टेकवून उंच धरले आणि तशीच बसली, पाऊण तास. मी साक्षीचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या तोंडाकडे बघत होते. ते तोंड पांढरं होत चाललं होतं, ओठसुद्धा. मी दुसरीकडे कुठे बघितलंच नाही. नजर हलवली तर पोरगी जाईल, असं मला वाटत होतं. कुणीतरी खिडकीतून निम्मं अंग बाहेर काढून रस्त्यावरच्या गाड्यांना शिव्या देत होतं. कुणीतरी माझ्या तोंडाला पाण्याची बाटली लावली. बस कुठल्याही स्टॉपवर थांबली नाही. चोंढी गेलं, थळचा फाटा गेला, ज्यांना तिथे उतरायचं होतं त्यांच्यातलं कुणी हूं की चूं केलं नाही. मला नंतर हे आठवून आठवून रडू यायचं. पस्तीस-चाळीस माणसं, एकालाही मी ओळखत नव्हते, आणि सगळी आपापली घरं सोडून माझ्या पोरीबरोबर दवाखान्याच्या दारापर्यंत आली. ड्रायव्हरनं, निकेत त्याचं नाव, त्याच दवाखान्यात बाही वर करून रक्त दिलं, हे मला तीन दिवसांनी कळलं. ती माणसं मग परत कशी गेली, चालत की रिक्षानं, देव जाणे. आमच्यात देव म्हणत नाहीत, पण त्या दिवसापासून माझ्या तोंडातून काय काय निघतं.

आता ते सांगते, जे मी साक्षीलाही अजून सांगितलेलं नाही. तिला आत नेलं. डॉक्टर म्हणाले, वार आधीच सुटली आहे, आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका आहे, इथे सही करा. सही केली. माझी सही कशी वळणदार असते, त्या कागदावर नुसत्या रेघा उठल्या. दार बंद झालं. मी कॉरिडॉरमध्ये एकटी उरले. बाहेरच्या दारापासून आतल्या दारापर्यंत फरशीवर रक्त होतं. थेंब नव्हे, ओघळ, आणि त्यातून उमटलेली चपलांची पावलं. ते माझ्या पोरीचं रक्त होतं आणि त्यावरून माणसं येत-जात होती. एक पोरगा त्यातून मोबाईलवर बोलत गेला. मला काय झालं ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण एवढं माझ्या हातात होतं, तेवढं तरी नीट व्हायला हवं असं वाटलं. भिंतीला टेकून एक बाई उभी होती. गुडघ्याशी खोचलेलं, डाग पडलेलं लुगडं, केस विस्कटलेले, हनुवटीवर गोंदण, हात मोकळे सोडलेले. मी म्हटलं, "मावशी, बघत काय उभ्या राहिलात? ती फरशी पुसून घ्या आधी. माणसं येतायत, दिसत नाही?" तिनं माझ्याकडे बघितलं. जिन्याखालून बादली आणि फडकं शोधून आणलं आणि उकिडवं बसून पुसायला लागली. या दारापासून त्या दारापर्यंत. फडकं पिळायची, पुन्हा पुसायची. पिळताना तिच्या उजव्या हाताची वाकडी करंगळी मला दिसत होती. मी बाकावर बसून बघत होते, आणि मला, खरं सांगते, बरं वाटत होतं. तिनं दोनदा बादली बदलली, तेव्हा एका कोपऱ्याकडे बोट दाखवून मी "तिथे राहिलं" असंही म्हटलं.

दीड-दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. दोघी आहेत म्हणाले. बाळ लहान आहे, पेटीत ठेवावं लागेल, पण आहे. माझा जीव भांड्यात पडला, मी तिथेच खाली बसले. मग नर्स आली आणि तिनं विचारलं, "तुमच्याबरोबरच्या त्या बाई कुठे गेल्या? त्यांच्या लुगड्याला किती रक्त लागलं होतं, म्हटलं गाऊन तरी देऊ." मी म्हटलं, कोण बाई? "अहो, त्या फरशी पुसत होत्या ना, त्या. आमच्या मावशी जेवायला गेल्या होत्या. मी त्यांना म्हटलं राहू द्या, तर म्हणाल्या, तिच्या आईनं पुसायला सांगितलंय." पाऊण तास जिनं माझ्या पोरीचे पाय खांद्यावर धरले, तिचं तोंडसुद्धा मी बघितलं नव्हतं. आणि बघितलं तेव्हा तिला फरशी पुसायला लावली. धावत बाहेर गेले. रस्त्यावर रिक्षा, नारळवाला, ऊन. ती नव्हती.

हे दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं, तर तो म्हणाला असता, गडबडीत झालं, चालायचंच. माझ्या हातून कसं झालं, हा प्रश्न आहे. माझी आई बायजाबाई. माणगावजवळच्या गावात वाढली. एकदाच, मी दहा वर्षांची असताना, भाजी निवडता निवडता तिनं मला सांगितलं, की ती आठ वर्षांची होती तेव्हा गावातल्या एका लग्नात तिला बोलावून उष्ट्या पत्रावळी उचलायला लावल्या आणि "मागच्या दारानं जा" म्हणाले. बस, तेवढंच. कुणाचं घर ते सांगितलं नाही. भाजी निवडत राहिली. माझ्या अंगाची मात्र त्या दिवशी जी आग झाली, ती पुढे चाळीस वर्षं गेली नाही. वडील, रामजीगुरुजी, शाळामास्तर. ते म्हणायचे, आपण हक्काचं मागायचं, उपकाराचं घ्यायचं नाही. मी ते इतकं मनावर घेतलं, की साक्षीचे पप्पा गेले तेव्हा शेजारणींनी डबे आणून दिले, ते मी त्याच दिवशी घासूनपुसून, आत लाडू नाही तर चिवडा घालून परत केले. दिवसभरसुद्धा कुणाचा डबा घरात ठेवला नाही. शेजारची भावना एकदा चिडून म्हणाली, "ताई, तुम्ही आम्हाला जवळच येऊ देत नाही." मला तेव्हा ते कळलं नव्हतं. मला वाटायचं, ताठ मानेनं जगायचं म्हणजे असंच असतं. आणि अशी मी, जिच्या आईला कुणीतरी नुसतं उभं राहिलेलं बघून कामाला लावलं होतं, मी एका बाईच्या लुगड्याकडे बघितलं आणि ठरवून टाकलं की ही पुसणारी.

बाळ एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होतं. मी बाहेरून बघायची. माझ्या करंगळीएवढा तिचा हात, आणि तो हात उघडायचा, मिटायचा. मला रोज दोन गोष्टी एकदम वाटायच्या. एक तर इतका आनंद, की वाटेल त्याला मिठी मारावी, औषधवाल्याला, वॉचमनला. मी खरोखरच त्या वॉचमनच्या पायांना हात लावायला वाकले होते, तो बिचारा घाबरून मागे सरकला. आणि त्याच वेळी डोक्यातून न जाणारं ते वाक्य, "तिथे राहिलं." रात्री नव्हे, भर दुपारी, फाईलवर शेरा लिहिता लिहिता ते आठवायचं आणि पेन थांबायचं. त्या बाईनं मला उलट बोलायला हवं होतं. 'मी कामवाली नाही' एवढं म्हटलं असतं, तर मी तिथल्या तिथे तिचे पाय धरले असते. ती काहीच बोलली नाही. बारशाला साक्षी म्हणाली, "आई, त्या बसमधल्या मावशींना बोलवायला हवं होतं ना?" मी स्वयंपाकघरात निघून गेले. मग मी शोधायला लागले. किती तरी रविवार मांडव्याला जाऊन बसले. निकेतला गाठलं, त्याला राखी बांधली. तो म्हणाला, पुन्हा कधी दिसली नाही, पण बोलण्यावरून धरमतर खाडीकडची वाटत होती. त्या बाजूच्या दोन गावांत जाऊन आले. नाव माहीत नाही, आडनाव माहीत नाही, विचारणार काय? हनुवटीवर गोंदण तर त्या वयाच्या निम्म्या बायकांना असतं. एके ठिकाणी मला जनगणनेवाली समजून घरातली माणसं मोजून दाखवली.

तर आजचा तो माणूस. दोन पेले पाणी प्याल्यावर त्यानं अर्ज पुढे केला. मी माझ्या खुर्चीत जाऊन बसले तेव्हा त्याला कळलं मी कोण ते, आणि तो उभा राहून "माफी करा मॅडम, वळखलं न्हाय" म्हणायला लागला. म्हटलं, बसा, पाणी तर पाणी, त्यात काय. त्याचं नाव धर्मा. खाडीकाठच्या गावातला, भाताची खारजमीन. परवाच्या उधाणाला त्यांच्या बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटला, तीस-चाळीस हात, आणि खाडीचं खारं पाणी शेतात घुसलं. "दोन भरत्या अजून घुसलं, का तीन वर्सं जमीन गेली," तो म्हणाला. "अर्ज देतो, पण आमी काय अर्जाची वाट बगत न्हाय. आज जोळ हाय." जोळ म्हणजे काय, ते मी एकतीस वर्षं फायलींतून वाचत आले होते. बांध फुटला की घरटी एक माणूस जातो, ज्याची जमीन बुडाली तोही आणि ज्याची जमीन पार दुसऱ्या टोकाला आहे तोही. जमीन कुणाची, हे विचारायचं नाही. पण मी ऐकत होते ते त्याचं बोलणं. तो "न्हाय" म्हणताना शेवटी जरा उचलत होता. बसमधल्या त्या आवाजानं 'नको रं' म्हणताना उचललं होतं, तस्संच. मी शिक्का हातात धरून त्याला विचारलं, तुमच्याकडे एक बाई आहे का, साठीच्या आतबाहेरची, हनुवटीवर गोंदलेलं, उजव्या हाताची करंगळी वाकडी, माघात मांडव्याच्या बसमध्ये होती? धर्माचा चेहरा बदलला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "तुमी त्या बसमधल्या पोरीच्या कोण?" म्हटलं, आई. तो उठला, दोन्ही हात जोडले, मान खाली घातली आणि तसाच उभा राहिला. मला वाटलं, मेले. त्या बाईनं गावात सगळं सांगितलेलं आहे. मग तो म्हणाला, "ठमाकाकी. बांधावर हाय आत्ता."

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सुजित म्हणाला, मॅडम, तब्येत बरी आहे ना? सहा आसनी मिनीडोर रिक्षात धर्मा माझ्या समोर बसला. दोनदा माझ्याकडे बघितलं आणि नजर बाहेर वळवली. मी मनात मसुदा करत होते. ठमाबाई, मी तुमची गुन्हेगार आहे. नको, फार नाटकी. ठमाबाई, माझ्याकडून चूक झाली. हे तर कारणे दाखवा नोटिशीचं उत्तर. हातात काही न्यावं म्हणून पोयनाडच्या नाक्यावर पेढे घेऊ म्हटलं, तर धर्मा एकदम म्हणाला, "पेढे नको बाई. पेढे कशाला?" इतक्या विचित्र आवाजात म्हणाला, की मी गाडीतून उतरले होते ती पुन्हा चढून बसले. एवढा राग आहे गावाचा, मला वाटलं. असू दे. गावासमोर ऐकून घेऊ. आजपर्यंत मी लोकांना कमी ऐकवलेलं नाही.

बांधावर साठ-सत्तर माणसं होती. एका बाजूला ओहोटीनं उघडी पडलेली खाडी, दुसऱ्या बाजूला बुडालेली शेतं, कापणी झालेल्या भाताचे खुंट पाण्यातून वर आलेले. चिखल खणायच्या जागेपासून खांडीपर्यंत माणसांची रांग, बाया, पुरुष, शर्टपँटवाले, एक तर बँकेतला गळ्यात ओळखपत्रासकट. गवताच्या पेंढ्यात गुंडाळलेले चिखलाचे गोळे या हातातून त्या हातात जात होते आणि खांडीत कमरेएवढ्या पाण्यात उभे असलेले चौघे ते दाबून बसवत होते. कुणी बोलत नव्हतं, नुसतं "हं", "घे", "हं". अडीचला भरती लागणार होती. मी तिला लांबूनच ओळखलं, पाठीवरून. जवळ गेले. तिच्या शेजारची एक बाई नुकतीच पाणी प्यायला रांगेतून निघाली होती. ठमाबाईनं न बघताच गोळा माझ्यापुढे केला. "उभी काय ऱ्हायलीस गो? घे!" मी घेतला. चांगला जड होता, पाच-सहा किलो तरी. चप्पल काढायलासुद्धा वेळ मिळाला नाही. पुढच्या माणसाकडे दिला, वळले तर दुसरा तयार. असे दहा-बारा गोळे गेले असतील. मग धर्मा मागून म्हणाला, "काकी, ही त्या पोरीची आई."

तिचे हात थांबले. मागून कुणीतरी "काकी!" म्हणून ओरडलं तेव्हा पुन्हा चालू झाले. पण तिनं माझ्याकडे बघितलं नाही. खाली चिखलाकडेच बघत राहिली. मी बोलायला सुरुवात केली. गोळा घेत होते, देत होते आणि बोलत होते, मसुदा केव्हाच विसरले. म्हटलं, मी तुम्हाला ओळखलं नाही हो. मला वाटलं तुम्ही तिथल्या. मी तुम्हाला हुकूम सोडला. तुमच्या अंगावर माझ्याच पोरीचं रक्त होतं आणि मी तुम्हाला फरशी पुसायला लावली. वर म्हटलं, तिथे राहिलं. माझ्या आईला असंच कुणीतरी एकदा उभं राहिलेलं बघून कामाला लावलं होतं, आणि मी तेच केलं. तुम्ही मला चार माणसांत काय ते बोला. तिची हनुवटी थरथरायला लागली. गोंदणाचे हिरवे ठिपके हलताना दिसत होते. मला वाटलं, आता बोलेल, आता फटकारेल. पाच-सहा गोळे पुढे गेले, मग ती एवढंच म्हणाली, "बाय, किती रगत हुतं गो."

मी म्हटलं, काय? "मी पुसत हुते न् त्ये सरत न्हवतं," ती म्हणाली. आवाज बसमधला नव्हता, अगदी बारीक. "दोन बादल्या झाल्या. एवढं रगत गेल्यावर माणूस कुठलं ऱ्हातं? मग पलीकडून रडारड उठली. बायामाणसं ऊर बडवून रडत हुती. मी जागच्या जागी बसले. मना तुज्या तोंडाकडं बगायचा धीर झाला न्हाय. बादली ठेवली न् मागच्या दारानं आले. पाय धरले हुते मी तिचे, न् मना तिला धरून ठेवता आली न्हाय गो बाय. तवापासून त्या गाडीत न्हाय बसले मी. गावात समद्यांना सांगितलं, आपल्याच्यानं न्हाय वाचली पोर." ती रडारड मला आता आठवली. समोरच्या वॉर्डात कुणाचे तरी आजोबा गेले होते. माझ्या हातातला गोळा हातातच राहिला. दहा महिने. मी माझ्या एका वाक्याला धरून बसले होते, आणि ही बाई माझ्या पोरीचं सुतक पाळत बसली होती. साऱ्या गावासकट. धर्माचे जोडलेले हात, मिनीडोरमधली ती नजर, पेढे कशाला म्हणणं, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. आणि मी इतकी स्वतःत बुडालेली, की येऊन उभी राहिल्यापासून चूक, हुकूम, फरशी एवढंच बोलत होते. पोरीचं एक अक्षर काढलं नव्हतं.

"ठमाबाई," मी म्हटलं, आणि मला हुंदका आला, तो तिनं भलत्याच अर्थानं घेतला आणि चिखलाचा हात माझ्या दंडावर ठेवला. "अहो, नाही, ऐका. जिवंत आहे साक्षी. ऐरोलीला आहे तिच्या घरी. आज सकाळी माझ्याशी भांडली फोनवर. बाळ पण आहे. दोन दात आलेत." ती माझ्याकडे बघत राहिली. पहिल्यांदा आम्ही दोघींनी एकमेकींची तोंडं नीट बघितली. "शपथ?" ती म्हणाली. मी म्हटलं, शपथ. "माज्या हातावर हात ठेव." मी ठेवला. तिनं तो घट्ट धरला, त्या वाकड्या करंगळीसकट, आणि असं रडली, असं रडली, की मला वाटलं ही पडते की काय. मी तिला धरलं. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती. रांग थांबली. खांडीतून एक म्हातारा पाण्यात उभ्या उभ्या ओरडला, "काय झालं रं? गोळा सोडा! पाणी लागलं चढायला!"

ठमाबाईनं पदरानं तोंड पुसलं, सगळा चिखल गालाला लागला. पायांशी पडलेला गोळा तिनं उचलला आणि माझ्या हातात दिला, आणि मोठ्यानं, त्या बसमधल्या आवाजात म्हणाली, "बसमधली पोर जगली!" मी गोळा पुढच्या माणसाला दिला. त्यानं तो घेतला आणि त्याच्या पुढच्याला देताना म्हणाला, "बसमधली पोर जगली." त्यानं पुढच्याला सांगितलं. मी बघत होते. ठमाबाई सोडली, तर माझ्या पोरीला त्यांच्यातल्या एकानंही कधी बघितलेलं नव्हतं, आणि गोळ्याबरोबर ते वाक्य एकेका हातातून, एकेका तोंडातून पुढे चाललं होतं, आणि ज्याच्यापर्यंत पोचत होतं तो मान वळवून माझ्याकडे बघत होता, हसत होता, कुणी डोळे पुसत होतं, आणि हात चालूच होते. आयुष्यात मी कुणाचं काही घेतलं की परत काय द्यायचं, याचा हिशेब आधी करायची. तिथे ते सुचलंच नाही. एवढ्या सगळ्यांचं घेतलं होतं, की आता नुसतं घेत राहायचं, असं वाटलं. शेवटी ते खांडीतल्या म्हाताऱ्यापर्यंत पोचलं. त्यानं दोन्ही हात वर केले, तिथूनच ओरडून विचारलं, "पोरगा का पोरगी?"

"पोरगी!" मी बांधावरून ओरडले, एकतीस वर्षांत ऑफिसात कधी लावला नसेल असा आवाज लावून. "दोघी हायत! दोघी बी हायत!" आणि पुढचा गोळा घ्यायला वळले.